मदत हवी आहे: विला कॅथर यांच्या कथेतील वकिलाविषयी

अमेरिकन लेखिका विला कॅथर यांच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द स्कल्प्टर्स फ्युनरल’ या कथेवर मी लेख लिहीत असून एका प्रश्नापाशी अडले आहे. नामवंत शिल्पकार हार्वी मेरिक याचे पार्थिव कॅन्ससमधील त्याच्या गावी आणले जाते, तेव्हा रात्री जमलेले प्रतिष्ठित लोक त्याच्या कलेविषयी चकार शब्द न काढता, त्याला गुराढोरांचा व्यवहार कधी जमला नाही, त्याला अमेरिकेच्या पूर्व भागात शिकायला पाठवण्याऐवजी व्यापारी शिक्षण द्यायला हवे होते, अशी चर्चा करतात. हा प्रसंग मला फार अस्वस्थ करतो. त्या सर्वांना खडसावणारा वकील जिम लेअर्ड हा मेरिकबरोबरच शिकायला गेलेला, पण परतून गावाला हवा तसा धूर्त वकील झालेला माणूस आहे, आणि दुसऱ्या दिवशी दारूच्या नशेमुळे तो अंत्यविधीलाही येऊ शकत नाही.

त्याचा संताप हाच लेखिकेचा निवाडा मानावा, की स्वतःचे आयुष्य वाया गेल्याचा तो आक्रोश आहे? मला दुसरा अर्थ अधिक पटतो. जाणकारांनी कथेतील आधार देऊन मत कळवावे, तसेच या कथेचा मराठी अनुवाद झाला असल्यास कृपया सांगावे.