लाटेकच्या खाचखळग्यांवर काम करावं, की सरळ नवं साधन उचलावं?

जुळारी

परवा एका मैत्रिणीनं लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून मजकूर आणि गणित छापण्याजोगं जुळवणाऱ्या साधनात, लिहिलेली प्रबंधाची फाइल पाठवली. समीकरण लिहून झाल्यावर डोळ्यांना मोकळं वाटावं म्हणून तिनं 'एन्ड इक्वेशन'च्या, म्हणजे समीकरण संपवणाऱ्या आज्ञेच्या, आधी एक ओळ कोरी सोडली होती. लाटेकचा एरर आला: 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड'. ती तासभर डॉलरचं चिन्ह कुठं राहिलं ते शोधत होती, आणि ते कुठंच राहिलं नव्हतं. टेकच्या, म्हणजे लाटेकच्या पोटातल्या मूळ इंजिनाच्या, लेखी कोरी ओळ म्हणजे परिच्छेद संपला. गणिताच्या मध्येच परिच्छेद संपू शकत नाही, म्हणून टेक स्वतःहून डॉलर (गणित सुरू किंवा बंद करण्याचं चिन्ह) घालून गणित बंद करतं. यामागचा विचार उत्तम आहे: चूक आहे त्या परिच्छेदातच अडवायची, पुढची पन्नास पानं नासू द्यायची नाहीत. पण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं म्हणणं असं की, लाटेक रोज वापरणाऱ्यांनी असे खळगे बुजवायला हात लावावा. त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. मागे एका पॅकेजमुळे, म्हणजे लाटेकला जोडायच्या तयार पुरवणीमुळे, माझ्या तळटीपा सरकत होत्या. चारशे ओळींची फाइल छाटत छाटत अकरा ओळींवर आणली, तरी चूक तशीच दिसत होती. त्या अकरा ओळी ते पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरला पाठवल्या आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती आली. 'तुमचं पॅकेज चालत नाही' एवढंच कळवलं असतं तर कुणाला काय करता आलं असतं?

कोरा कागद

असहमत. तुमची कळकळ पटते, पण मेहनत चुकीच्या जागी जातेय. टेकचे जनक डोनाल्ड क्नूथ यांनी १९९० मध्येच जाहीर केलं की टेकमध्ये आता नवं काही येणार नाही, फक्त बग निघतील. आवृत्तीचा आकडा एकेका अंकानं गणितातल्या पायच्या (π) किमतीकडे सरकतो. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ आहे. स्थैर्य म्हणून हे मोठं काम आहे, मान्य. पण तो डॉलरचा निरोप त्या गोठलेल्या इंजिनातूनच येतो ना? मग सुधारणार काय?

टायप्स्ट हे लाटेकच्याच कामाचं नवं साधन २०२३ मध्ये खुलं झालं. तिथं समीकरणात कोरी ओळ सोडली तर काहीच बिघडत नाही. अपूर्णांकासाठी उलटी तिरकी रेघ, 'फ्रॅक' आणि महिरपी कंसांच्या दोन जोड्या लागत नाहीत. कंसात ए अधिक बी, मग तिरकी रेघ, मग दोन, एवढं लिहिलं की अंश वर, छेद खाली, आणि गटापुरता घातलेला कंस आपोआप गळतो. चूक झालीच तर नेमक्या त्या शब्दाखाली खूण येते आणि बऱ्याचदा उपायही सुचवलेला असतो. अक्षर टंकलं की पान समोर बदलतं. मी शिकवतो. लाटेकच्या पहिल्या तासाला अर्धा वर्ग नुसता इन्स्टॉलेशनमध्ये अडकलेला असतो, कारण टेक लाइव्ह हा लाटेकचा पूर्ण संच काही जीबींचा आहे. टायप्स्ट ही एकच छोटी फाइल. ज्याला हात लावायचाय त्यानं तिथं लावावा. पाया अजून ओला आहे, आकार देता येतो.

पूर्णांक

ज्याच्या अहवालात दोनच समीकरणं आहेत त्याला या दोन्हींची गरज नाही. लिबरऑफिसमध्ये 'ए ओव्हर बी' लिहिलं की अपूर्णांक तयार. तेही मुक्तस्रोतच आहे.

जुळारी

पूर्णांक, दोन समीकरणांपुरतं बरोबर. दोनशे समीकरणं, त्यांचे क्रमांक आणि त्या क्रमांकांचे मजकुरातले उल्लेख सांभाळायची वेळ आली की मग बोलू.

कोरा कागद, गोठलंय ते क्नूथ यांचं टेक. लाटेक गोठलेलं नाही. २०१८ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याची पद्धत) गृहीतच धरलं जातं, २०२० मध्ये हुक्सची, म्हणजे ठरलेल्या जागी आपल्या आज्ञा अडकवण्याची, पद्धत आली. लुआटेक या टेकच्या सुधारित इंजिनात तर एररचा निरोप छापण्याचं कामच कॉलबॅकनं, म्हणजे इंजिन त्या वेळी बोलावेल अशा आपल्या छोट्या प्रोग्रामनं, आपल्या हाती घेता येतं. म्हणजे 'आधी कोरी ओळ आहे का पाहा' असं म्हणवून घेणं शक्य आहे, कुणीतरी बसून ते लिहायला हवं. टायप्स्ट मीही वापरून पाहिलं, आवडलं. पण ते अजून १.० ला पोचलेलं नाही, आणि मला माझी फाइल वीस वर्षांनी उघडायची आहे.

अर्धविराम

दोघांच्याही बोलण्यात वाचणारा आलाच नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं लाटेकच्या पीडीएफमधलं समीकरण म्हणजे सुट्या चिन्हांचा ढीग होता. अंश कुठं संपला, वर्गमूळ कुठवर गेलं, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला काही कळत नव्हतं. लाटेक सांभाळणारी टीम आता टॅग केलेल्या, म्हणजे कुठला भाग काय आहे याच्या खुणा असलेल्या, पीडीएफवर काम करतेय. समीकरणासोबत मॅथएमएल, म्हणजे त्याची रचना संगणकाला सांगणारं वर्णन, जोडता येतं. हे नुसतं नव्या साधनानं भागणारं नाही, कारण जुने लेख, नोट्स, प्रश्नपत्रिका लाटेकमध्येच पडून आहेत. सगळी पॅकेजेस टॅगिंगला जुळत नाहीत, ती तपासून कळवायला माणसं हवीत. हे काम कुणालाही करता येईल.

एक आपल्या भाषेचं. फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये लिपी देवनागरी सांगून बरेच जण थांबतात. भाषा मराठी असंही सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर श आणि ल मराठी वळणाचे येतात. मी स्वतः कितीतरी दिवस हिंदी वळणाचा ल छापत होते.

कोरा कागद

अर्धविराम, जुन्या नोट्सचा मुद्दा मान्य. माझ्याच सहा वर्षांच्या नोट्स लाटेकमध्ये आहेत. नव्या विद्यार्थ्याला मात्र मी टायप्स्टच देणार, त्यावर मत बदललेलं नाही. तो कॉलबॅक कुणी लिहायला घेतला तर चाचणीसाठी विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या फाइल मी देईन, नावं काढून. शंभरेक तरी निघतील.

जुळारी

द्या, मी घेतो लिहायला. तोवर नवशिक्यांच्या मार्गदर्शिकेत भर म्हणून आज हे पाठवतोय, चूक दिसली तर सांगा: 'समीकरणाच्या आत कोरी ओळ सोडू नये. मोकळी जागा हवीच असेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकावं. मग टेक तिला कोरी ओळ मानत नाही.'