मदत हवी आहे: शेपूट नव्याने उगवलेली पाल देशी की आशियाई, हे कसे ठरवावे?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या किनारपट्टीलगतच्या झाडीत रात्री टिपलेल्या पालींची छायाचित्रे जातीनुसार लावताना काही छायाचित्रांपाशी माझे काम अडले आहे. तिथली देशी गेहायरा डुबिया आणि बाहेरून येऊन स्थिरावलेली आशियाई घरपाल, म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस, यांतील फरक केवळ छायाचित्रावरून खात्रीने कसा सांगावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

नेहमी सांगितल्या जाणाऱ्या दोन खुणा मला माहीत आहेत. आशियाई घरपालीच्या सर्व बोटांना नख्या असतात, तर गेहायराच्या सर्वांत आतल्या बोटाला, म्हणजे अंगठ्याला, नखी नसते. शिवाय आशियाई घरपालीच्या मूळ शेपटीवर बारीक काट्यांच्या आडव्या ओळी असतात आणि गेहायराची शेपूट गुळगुळीत असते. मात्र दोन्ही जाती संकटात शेपूट टाकतात आणि नव्याने उगवलेल्या शेपटीवर ते काटे येत नाहीत. त्यामुळे काटे दिसले तर निर्णय पक्का होतो, पण ते दिसले नाहीत एवढ्यावरून पाल देशी ठरत नाही. अंगठ्याचे म्हणाल, तर खिडकीच्या काचेवर बसलेल्या पालीचा तळपाय पलीकडून स्वच्छ पाहता येतो. खोडावर मात्र तो आखूड अंगठा सालीच्या खाचेत दडतो आणि वरून घेतलेल्या छायाचित्रात उरलेली चार बोटेच काय ती दिसतात.

रंगावर माझा मुळीच भरवसा नाही, कारण एकच पाल दिवसा गडद आणि रात्री फिकट दिसू शकते. ‘झाडावरची ती देशी आणि भिंतीवरची ती परकी’ हा सर्रास वापरला जाणारा ठोकताळाही मला मान्य नाही. गेहायरा दिव्यापाशी जमणाऱ्या किड्यांसाठी भिंतीवर येतेच, आणि आशियाई घरपाल, जी उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरात १९६० च्या दशकापासून आणि ब्रिस्बेनमध्ये १९८० च्या दशकापासून आहे, ती आता वस्तीबाहेरच्या झाडीतही आढळते. जागा पाहून नाव लिहिले, तर ती रानात कुठवर पोहोचली हे नोंदींतून कधीच कळणार नाही. हवाईमध्ये उजेडाच्या इमारतींवरून हिनेच लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस या पालीला मागे रेटल्याचे उदाहरण समोर असताना ही ढिलाई परवडणारी नाही. ‘चिक्-चिक्-चिक्’ असा मोठा आवाज आशियाई घरपालीचा हे खरे, पण आवाज करणारी पाल आणि छायाचित्रातली पाल एकच होती, याची खात्री कोण देणार?

ज्या छायाचित्रावर माझे घोडे सर्वाधिक अडले आहे, त्यातील पालीची शेपूट मुळाजवळ किंचित आवळलेली असून त्यापुढे सलग, बिनकाट्यांची आहे, म्हणजे ती नव्याने उगवलेली दिसते. अंगठे दिसत नाहीत. पाठीवरच्या बारीक खवल्यांमध्ये, विशेषतः कुशीकडे, काही मोठे दाणेदार उंचवटे विखुरलेले आहेत, आणि गेहायराच्या पाठीवर असे उंचवटे नसतात असे मी समजतो. एवढ्या आधारावर तिला आशियाई घरपाल म्हणावे का? नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांत हे उंचवटे छायाचित्रात दिसण्याइतके ठळक असतात का? देशी पाली संरक्षित असल्यामुळे पाल पकडून पाहण्याचा पर्याय मी धरलेला नाही; तेव्हा खोडावरच्या पालीचा अंगठा टिपण्यासाठी कॅमेरा आणि विजेरी कोणत्या बाजूने धरावी, हेही प्रत्यक्ष असे काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे.