मदत हवी आहे : घरी केलेल्या लाइट बॉक्समुळे फोटोत पट्टे येतात, शिवाय बॉक्स गुणगुणतो (मिरज)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे. पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सांगलीत विश्रामबागला राहते. माझ्या आईचा तानपुरा मिरजेत ज्या चाचांनी केला, त्यांच्याकडे मी लहानपणापासून जाते. चाचा आता ७८ वर्षांचे आहेत. नवीन वाद्य पूर्ण करायचं काम मुलं आणि नातू बघतात, पण जवारी (तार घोडीवर हलकी टेकून गुंजत राहावी म्हणून घोडीचा माथा घासून जुळवणं; घोडी म्हणजे तारा ज्यावरून जातात तो तुकडा) अजून तेच काढतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बरेच जण त्यांचे फोटो काढून गेले. सगळे फोटो सारखेच. समोरून फ्लॅश, चेहरा पांढराफटक, मागे टांगलेले भोपळे काळोखात. आणि सगळ्यांत चाचा कॅमेऱ्याकडे बघतायत. त्यांना बघायचं तर जवारी काढताना बघावं. तारेखाली सुती दोरा एक केसभर सरकवतात, तार छेडतात, मान कलती करून ऐकतात आणि पुन्हा घोडीवर कानस फिरवतात. तो ऐकतानाचा चेहरा मला हवा आहे. घरच्यांनाही तो मोठा करून दुकानात लावायचा आहे.

अडचण अशी की त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि फ्लॅश अजिबात सहन होत नाही. "तो चमकारा नको, बाकी काय करायचं ते कर," एवढंच त्यांनी सांगितलं. म्हणजे सतत चालू राहणारा, मऊ आणि कमी उजेड पाहिजे. दुकानाला खिडकी एकच आणि तीही गल्लीकडे. समोरच्या भिंतीमुळे दुपारी बारानंतर तिथून काही येत नाही.

विकतचा सॉफ्टबॉक्स (कापडातून मऊ उजेड देणारी दिव्याची पेटी) आणि चांगला एलईडी माझ्या आवाक्यात नाही. ₹२,००० पर्यंत जमवू शकते. कॅमेरा जुना, सेकंडहँड डीएसएलआर आहे, लेन्स ५० मिमी एफ १.८.

आतापर्यंत काय केलं ते सांगते. पहिल्यांदा मंडपवाल्याकडून ५०० वॅटचा हॅलोजन आणला आणि खोक्याला भोक पाडून त्यात बसवला. घरीच लावून बघितला, नशीब. दहा मिनिटांत पुठ्ठ्याला करपल्याचा वास यायला लागला. चाचांच्या दुकानात जमिनीवर लाकडाचा भुसा असतो आणि पॉलिशसाठी स्पिरिटची बाटली उघडी असते. तिथे तो लावला असता तर काय झालं असतं, या विचाराने रात्री झोप लागली नाही. तो परत केला.

मग टीव्हीचं मोठं खोकं घेतलं. आतून स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवली, ९ वॅटचे चार एलईडी बल्ब चार होल्डरांत बसवले आणि तोंडाला कोरा मांजरपाट ताणला. उजेड कमी-जास्त करता यावा म्हणून जुना फिरवायचा डिमर जोडला. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा स्टँड केला आणि बुडाला दोन विटा बांधल्या.

उजेड बघायला सुंदर वाटला. फोटोत मात्र :

शटर १/२५० (सेकंदाचा अडीचशेवा भाग) ला फोटोवर आडवे काळसर पट्टे. १/१२५ ला पट्टे नाहीत, पण एकामागून एक काढलेल्या फोटोंत एक उजळ तर पुढचा अंधारा. सेटिंग तेच, दिवा तोच.

त्वचेचा रंग पिवळट-हिरवा. चाचांचा रंग तांबूस आहे, फोटोत ते आजारी दिसतात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला कळलीच नव्हती. दिवा लावला आणि चाचांनी तार छेडली. थांबले. पुन्हा छेडली. मग म्हणाले, "बेटी, तुझा दिवा गातोय. हे बंद केल्याशिवाय जवारी नाही निघायची." मी खोक्याला कान लावला तेव्हा कुठे मला ती घूं ऐकू आली. त्यांना ती चार फुटांवरून ऐकू येत होती.

या तिन्हींवर उपाय हवा आहे. विशेषतः आवाजावर, कारण जवारी निघाली नाही तर फोटोही नाही.

प्रतिसाद – कुपवाडचा वायरमन

ताई, आधी एक काम करा. त्या खोक्याचा प्लग काढून ठेवा आणि मी सांगेपर्यंत लावू नका. स्वयंपाकाची फॉइल म्हणजे उघडा धातू. होल्डरची एक वायर सैल झाली आणि फॉइलला टेकली की सगळं खोकं करंट मारणार. आतून पांढरा कागद किंवा पांढरा ऑइलपेंट लावा. उजेडात फार फरक पडत नाही, उलट पांढऱ्यावरून तो जास्त सारखा पसरतो.

आता तुमचे पट्टे आणि तुमची घूं. दोन्ही एकाच घरचे आहेत. आपली लाइन ५० हर्ट्झची. प्रवाह एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होतो, म्हणजे उजेडाला सेकंदाला १०० वेळा भरती-ओहोटी येते. चांगल्या बल्बच्या आतल्या ड्रायव्हरमध्ये ती ओहोटी भरून काढायची सोय असते, स्वस्तातल्यात नसते. त्यात तुम्ही डिमर लावला. तो डिमर दर लाटेचा तुकडा कापून उजेड कमी करतो. साध्या पिवळ्या बल्बला ते चालतं, एलईडीच्या ड्रायव्हरला नाही. त्या कापलेल्या लाटेने आतली कॉइल थरथरते आणि तोच आवाज चाचांना ऐकू आला. कॅमेऱ्याने जे बघितलं तेच त्यांनी ऐकलं.

आज रात्री तपासून बघा. डिमर काढून बल्ब सरळ लाइनवर लावा आणि मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. उजेड धडधडताना दिसला तर बल्बच वाईट. धडधड गेली तर दोष फक्त डिमरचा.

खरा उपाय म्हणजे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणि पंखा नसलेला एसएमपीएस (लाइनच्या २३० व्होल्टचा १२ व्होल्ट डीसी करणारा डबा) घ्या. पंखेवाला अजिबात नको, नाहीतर चाचांना पंख्याचा सूर ऐकू येईल. चांगल्या एसएमपीएसमधून सपाट डीसी येतो, त्यामुळे भरती-ओहोटीच नाही. आणि पट्टीबरोबर मिळणारा छोटा रिमोटवाला डिमर लावू नका. तो दिवा फार वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला पट्टे परत दिसतात.

कमी-जास्त करायला डिमरऐवजी स्विच. अर्ध्या मीटरचे आठ तुकडे कापा. पट्टीवर कात्रीची खूण असते तिथेच कापायचं. दोन-दोन तुकड्यांना एक असे चार स्विच. चारही चालू म्हणजे पूर्ण, दोन चालू म्हणजे निम्मा. रंग बदलत नाही, आवाज नाही, पट्टे नाहीत. मीटरला साधारण १० वॅटची पट्टी घेतली तर चार मीटरला ४० वॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास. ५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो. त्याची २३० व्होल्टची बाजू उघडी असते. ती झाकून घ्या, तीन पिनीच वापरा आणि अर्थिंग जोडलंय का ते बघा. पट्ट्या पुठ्ठ्यावर नको, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा, म्हणजे उष्णता निघून जाते. पत्र्याजवळ फक्त १२ व्होल्टची बाजू येईल आणि अर्थिंगची वायर पत्र्यालाही जोडायची.

कुपवाडला आलात तर सोल्डरिंग मी करून देतो.

प्रतिसाद – जुना स्टुडिओ

आमच्या घरी वडिलांचा स्टुडिओ होता. तेव्हा फोटोफ्लडचे बल्ब असत, ५०० वॅटचे. बल्ब काही तासांतच संपायचा, म्हणून फोकस आणि बैठक साध्या बल्बवर नक्की करून फक्त फोटोपुरता तो लावायचा. गिऱ्हाइकाला घाम फुटायचा. तुमच्या चाचांना त्यातून जायला लागणार नाही, याचा आनंद आहे.

रंगाबद्दल सांगतो. दोन चुका आहेत. एक, कोरा मांजरपाट. तो मुळात पिवळट असतो आणि त्यातून गाळलेला उजेडही पिवळा होतो. धुवट पांढरी मलमल किंवा पॉपलीन घ्या. नीळ घातलेली नको, ती दुसऱ्या बाजूला ओढते. दोन, बल्ब. बल्बच्या खोक्यावर सीआरआयचा आकडा (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० पैकी) बघा, ९० च्या वर हवा. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग कमी पडतो आणि आपल्या त्वचेचा सगळा जिवंतपणा त्या लालात असतो. तो दिव्यातच नसेल तर नंतर संगणकावर कितीही ओढा, येत नाही. खिडकीचा उजेडही फोटोत येणार असेल तर पट्टी दिवसाच्या रंगाची, म्हणजे ५५०० ते ६५०० केल्व्हिनची घ्या. एका गालावर पिवळा आणि दुसऱ्यावर निळा उजेड पडला की तो फोटो वाचवता येत नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. बॉक्स जवळ आणा. मऊ उजेड कापडामुळे येतो असं लोक समजतात. चेहऱ्याच्या मानाने उजेडाची जागा केवढी मोठी दिसते, त्यावर मऊपणा ठरतो. दोन फुटी बॉक्स अडीच फुटांवर असला तर सावलीची कड विरघळते. तोच आठ फुटांवर नेला की टॉर्चसारखा कडक होतो. शिवाय अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई उरतो. म्हणजे जवळ आणलेला दिवा मंद ठेवता येतो आणि चाचांच्या डोळ्यांना तेच बरं. मागचे भोपळे आपोआप अंधुक होतील, पण नाहीसे होणार नाहीत.

बॉक्स डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि चेहऱ्याच्या एका बाजूला ठेवा. दुसऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उमटेपर्यंत सरकवत राहा. डच चित्रकार रेम्ब्रांच्या चित्रांत तो दिसतो, म्हणून त्याचंच नाव त्याला पडलंय. अंधाऱ्या बाजूला पांढरा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा) धरायला कुणाला तरी सांगा.

प्रतिसाद – कृष्णाकाठची

डिमर काढल्यावरही बल्ब थोडा धडधडत असेल आणि आत्ता खर्च करायचा नसेल, तर शटर १/१०० किंवा १/५० ला ठेव. उजेडाची एक किंवा दोन पूर्ण भरती-ओहोटी प्रत्येक फोटोत येते, म्हणून सगळे फोटो सारखे उजळतात. मी लग्नाच्या हॉलमध्ये हेच करते. पण चाचांचा हात हलत असेल तर १/५० ला तो पुसट होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वायरमनदादा, फॉइल त्याच रात्री काढली. डिमर काढून स्लो मोशनमध्ये बघितलं, तीन बल्ब ठीक होते, एक धडधडत होता. आवाज मात्र पूर्ण गेला नाही. म्हणून पट्टीच घ्यायचं ठरवलं. ९० सीआरआयची चार मीटर पट्टी, एसएमपीएस, पत्रा, चार स्विच आणि पॉपलीन मिळून ₹१,७०० च्या आत बसलं. रविवारी कुपवाडला येते, चालेल ना?

काका, एक विचारायचं राहिलं. चाचा काम करताना चष्मा लावतात, आणि तानपुऱ्याच्या भोपळ्यावर चपड्याचं पॉलिश आरशासारखं चमकतं. दोन्हींत बॉक्सचा पांढरा चौकोन दिसतो. काय करू?

प्रतिसाद – जुना स्टुडिओ

चष्म्यासाठी बॉक्स आणखी वर घ्या आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात. अर्धा सेंटिमीटर पुरतो. चाचा ऐकताना मान खाली कलती करत असतील तर काम आपोआपच होईल.

पॉलिशवरची चमक पूर्ण घालवू नका. भोपळ्याचा गोलवा त्या चमकेतूनच दिसतो. तुम्हाला खुपतेय ती तिची कडक कड. उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, तेव्हा बॉक्स थोडा बाजूला सरकवला की चौकोन भोपळ्याच्या कडेला जाऊन लांबट होतो. कापडाच्या कडेला दुसरा थर लावला तर कडही मऊ होते. पोलरायझर फिल्टर चपड्यावरची चमक कमी करतो, पण दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो आणि तारांवरच्या चमकेवर त्याचा काही उपयोग होत नाही. तारा चमकूच द्या.

प्रतिसाद – कुपवाडचा वायरमन

रविवारी दहानंतर या. स्टँड पण आणा. पीव्हीसीचा पाइप वरून जड झाला की वाकतो, आत लोखंडी सळई घालू. दोन विटांच्या जागी वाळूची पिशवी बांधू. म्हातारा माणूस खाली बसलेला असताना डोक्यावरची वस्तू पडता कामा नये.

धागाकर्ती

काल फोटो झाले. बॉक्स डाव्या बाजूला वर, अडीच फुटांवर, चारपैकी तीन स्विच चालू. शटर १/१६०, एफ २.८, आयएसओ १६००. एकाही फोटोत पट्टा नाही. नातवाने सनबोर्ड धरला. चष्म्यात काही आलं नाही, भोपळ्यावर एक लांबट उजळ रेघ आहे आणि ती मला आवडली.

दिवा लावल्यावर चाचांनी आधी बॉक्सजवळ कान नेला. थोडा वेळ तसेच बसले. मग कानस उचलली आणि घोडीवर चालवायला लागले. मी पहिला फोटो काढला तो साधारण वीस मिनिटांनी.

माप कुणाला हवं असेल तर : तोंड २ फूट बाय २ फूट, खोली १५ सेंटिमीटर, पट्ट्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटर, पॉपलीनचा एक थर, कडेला चार बोटं रुंदीचा दुसरा. खोली याहून कमी केली तर पट्ट्यांच्या रेघा कापडावर दिसतात, मी आधी १० ला करून बघितलं होतं.