टर्कीला लसूण चोळला म्हणून थँक्सगिविंग बाटतं का?

ओली_तूर (धागाकर्ती)

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिविंग, टर्की हा मोठा पक्षी भाजून खायचा सण, जवळ आला की आमच्या न्यू जर्सीच्या बिल्डिंगमध्ये मंगळवारपासूनच जिन्यात लसणाचा वास सुटतो. वरच्या मजल्यावरच्या आजी पोर्तो रिकोच्या. लसूण, ओरेगानो, मिरी आणि मीठ खलबत्त्यात कुटायचं, त्यात ऑलिव्ह तेल आणि व्हिनेगर घालायचं, की झाला त्यांचा आदोबो. टर्कीची कातडी बोटांनी सैल करून हे वाटण आत चोळतात, सुरीने भोकं पाडून त्यातही कोंबतात आणि दोन रात्री मुरू देतात. अख्खं भाजलेलं डुक्कर म्हणजे लेचोन, टर्की म्हणजे पावो. म्हणून याचं नाव पावोचोन. ब्रेडच्या सारणाच्या जागी मोफोंगो, म्हणजे कच्ची केळी तळून, लसणाबरोबर ठेचून केलेला गोळा. आणि भात असतो 'आरोस कोन गांदुलेस'.

गांदुलेस म्हणजे काय, विचारलं तर त्यांनी डबा पुढे केला. आत तुरीचे हिरवे दाणे! आपल्याकडून आफ्रिकेत गेलेली तूर गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनला पोचली. आमच्याकडे थंडीत सोल्यांची आमटी व्हायची, ती आठवून मला तिथेच भरून आलं.

आजींच्या मुलीच्या सासूबाई ओहायोच्या. गेल्या वर्षी जेवता जेवता म्हणाल्या, "छान झालंय, पण याला थँक्सगिविंग नाही म्हणता येणार." आजींनी अवाक्षर न काढता त्यांना आणखी भात वाढला. माझ्या डोक्यात ते वर्षभर घोळतंय. मला तरी यात सण बाटल्यासारखं काही दिसत नाही. तुम्हाला?

बिनमसाल्याचा

मला दिसतं. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. एकवीस वर्षं मिनेसोटात आहे आणि ही एकच मेजवानी आहे, जिच्यात तिखट नाही म्हणून मी तक्रार करत नाही. लोणी, सेज आणि थाइमची सुगंधी पानं आणि चार-पाच तास ओव्हन. त्या सपक चवीत गंमत आहे, पण आपण मसालेवाले तिला संधीच देत नाही.

दुसरं, हा सण कुठल्या देवाचा नाही, जातीचा नाही. यात सगळ्यांना सामायिक असं काही असेल तर ते ताट. सोमाली टॅक्सीवाला, माझा नॉर्वेजियन वंशाचा शेजारी आणि मी त्या दिवशी एकच जेवण जेवतो. ज्याने त्याने आपापला मसाला चोळला, तर तो नुसता सुट्टीचा गुरुवार उरेल. सासूबाईंचं बोलणं उद्धट असेल, पण चूक नव्हतं.

कॅमडेनकर

सामायिक ताट आलं कुठून, तेही पाहू. पहिलं थँक्सगिविंग म्हणून सांगतात त्या, इंग्रज वसाहतवाल्यांच्या १६२१च्या प्लिमथच्या जेवणाबद्दल त्यांच्यातल्याच एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात रानपक्षी आहेत आणि तिथल्या मूळ रहिवाशांनी, वाम्पानोआग लोकांनी, आणलेली पाच हरणं आहेत. क्रॅनबेरी सॉस नाही, बटाटा नाही. फरसबीचं ते कॅसरोल (सूप घालून ओव्हनमध्ये भाजलेली भाजी) आमच्या कॅमडेनमध्ये, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात, १९५५ साली डॉर्कस रायली यांनी बसवलं. रताळ्यावर मार्शमॅलो आला तो १९१७ साली, एका मार्शमॅलो कंपनीने जाहिरातीसाठी करून घेतलेल्या पाककृतींमधून. डब्यातलं सूप चालतं आणि खलबत्त्यातला लसूण चालत नाही, हा कुठला सोवळेपणा?

बिनमसाल्याचा

मान्य. पण १९५५ म्हणजे तीन पिढ्या झाल्या. आपल्या उपासाच्या साबुदाण्याचं वय काढलं तर काय होईल? परंपरा जुनी आहे म्हणून ती परंपरा, असं मी कुठे म्हटलं? लोक तिला धरून आहेत, एवढं मला पुरतं.

कॅमडेनकर

मग पावोचोनलाही लोक धरून आहेत! तुमच्याच मापाने मोजलं.

घाटावरचा_पोर्तुगीज

जरा अवांतर. पोर्तुगीजमध्ये टर्कीला 'पेरू' म्हणतात. लिस्बनला मेन्यूवर पेरू वाचून मी फळ समजून मागवला होता. चालू द्या.

रिओ_ग्रांदे

मी टेक्सासमधल्या एल पासोत राहतो. आमच्याकडे लोक प्लिमथचं नाव काढलं की हसतात. ३० एप्रिल १५९८ला स्पॅनिश वसाहतवाला हुआन दे ओन्याते वाळवंट ओलांडून रिओ ग्रांदेच्या काठावर पोचला, तेव्हा त्याने आभाराची प्रार्थना आणि मेजवानी केली. त्याच्याही आधी, ८ सप्टेंबर १५६५ला, फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला मेनेंदेस या स्पॅनिश सरदाराच्या माणसांनी तिथल्या मूळच्या तिमुकुआ लोकांबरोबर जेवण केलं. खारवलेलं डुक्कर आणि काबुली चणे असावेत, असा इतिहासकाराचा कयास आहे. थोडक्यात, स्पॅनिश बोलणारे या पंगतीत आगंतुक नाहीत. पहिला पाट त्यांचाच.

शेवंता_टी

रिओ ग्रांदे, पहिला पाट मूळ रहिवाशांचा. तुमच्या ओन्यातेने १५९९ साली आकोमा या मूळ रहिवाशांच्या गावातल्या माणसांचे पाय तोडायची शिक्षा फर्मावली होती, हेही लिहायचं ना. आणि प्लिमथमध्ये १९७०पासून दर थँक्सगिविंगला मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. आधी कोण पोचलं याची शर्यत दोन्हीकडच्या वसाहतवाल्यांनी लावायची आणि पक्षी कुणाचा हे कुणीच विचारायचं नाही!

टर्की माणसाळवली मेक्सिकोतल्या लोकांनी, स्पॅनिश जहाजं यायच्या कितीतरी शतकं आधी. नाहुआत्ल भाषेतला 'हुएशोलोत्ल' शब्द मेक्सिकोत अजून 'ग्वाहोलोते' म्हणून जिवंत आहे. तिथून हा पक्षी स्पेनला गेला, स्पेनहून इंग्लंडला आणि इंग्रज वसाहतवाल्यांच्या गलबतांतून अमेरिकेत परत आला. मेक्सिकोतल्या पुएब्लाकडे मोलेत, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्श्यात, मुरलेला ग्वाहोलोते हे लग्नाकार्याचं जेवण आहे. लोण्यातली टर्की हाच खरं तर फ्यूजन प्रकार.

बिनमसाल्याचा

हा मुद्दा बिनतोड आहे. पण याच न्यायाने मिरची, टोमॅटो, बटाटा सगळं मेक्सिको-पेरूला परत करा आणि वडापाव बंद करा.

शेवंता_टी

परत कशाला करायचं? तुम्ही वडापाव खुशाल खा, त्यांना पावोचोन खाऊ द्या. जेवणाला थँक्सगिविंगचं नाव द्यायची वेळ येते तेव्हाच त्यांना दाखला मागितला जातो, एवढंच म्हणणं आहे.

चुंपे_चाहता

मला वेगळीच तक्रार आहे. 'लॅटिनो जेवण' असं काही नसतं हो. 'इंडियन करी' म्हटलं की आपल्या कपाळावर आठ्या पडतात आणि इथे आपण क्युबा, मेक्सिको, एल साल्वादोर एकाच पातेल्यात ओततो. क्युबन लोकांची टर्की मोहोत, म्हणजे आंबट संत्र्याच्या रसाच्या मसाल्यात, मुरते आणि शेजारी काळ्या घेवड्याचा भात येतो. साल्वादोरचे लोक टर्कीला चुंपे म्हणतात. तीळ, भोपळ्याच्या बिया, तमालपत्र, सुक्या मिरच्या भाजून वाटतात, त्याला रेलाहो म्हणतात. टोमॅटोच्या दाट रश्श्यात टर्की शिजवतात आणि पावात भरून खातात. त्या रश्श्याची चव म्हणजे आमच्या मावशीच्या वाटपाची सख्खी बहीण. मासिकांत मात्र 'लॅटिन ट्विस्ट' म्हणून काय छापून येतं? क्रॅनबेरी सॉसमध्ये एक हालापेन्यो मिरची. त्याला माझाही विरोध आहे.

दोन_ओव्हन_एक_बाई

सगळे इतिहासात रमलेत, ओट्यापाशी कोण उभं आहे ते बघा. माझी मैत्रीण डॉमिनिकन आहे. तिच्या घरी टर्की मुलांसाठी, कारण शाळेत विचारतात. डुकराचा खांदा मोठ्यांसाठी, कारण टर्की कोरडी लागते. मग सासरच्यांसाठी मॅश्ड पोटॅटो आणि आईसाठी भात. संगम वगैरे तुम्ही म्हणता, ती बुधवारी रात्री एक वाजता भांडी घासत असते. दोन परंपरा एकत्र आल्या की एखादा पदार्थ कमी होतो असं मी तरी पाहिलं नाही. आपल्या घरी दिवाळीत नाही का, फराळही आणि केकही?

ओली_तूर

दोन_ओव्हन, हे लागलं. आजी त्र्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि कुटायला खाली बसतात. मी इतकी वर्षं नुसता वास घेत होते, कधी मदतीला गेले नाही.

कॅमडेनकर

अजून एक. पोर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं १९१७ साली, म्हणजे मार्शमॅलो रताळ्यावर चढला त्याच वर्षी. त्यामुळे ओहायोच्या सासूबाईंना सांगा, दोघेही एकाच वर्षीचे.

बिनमसाल्याचा

हे मात्र आवडलं. तरी माझं मत बदललेलं नाही. माझ्या घरी सेजच. पण ओली_तूर, त्या भाताची कृती मिळेल का?

ओली_तूर

आजी मापं सांगत नाहीत. कांदा, लसूण, भोपळी मिरची आणि रेकाओ नावाची लांब पानांची कोथिंबिरीसारखी भाजी वाटून घ्यायची, तो सोफ्रितो. आचिओते नावाच्या लाल बियांनी रंगवलेल्या तेलात तो परतायचा, मग दाणे, ऑलिव्ह, तांदूळ. झाकण ठेवलं की हलवायचं नाही, कारण तळाची खरपुडी हवी असते. खरपुडीवरून त्यांच्या घरी भांडणं होतात.

शेवंता_टी

आमच्याकडेही व्हायची.

दोन_ओव्हन_एक_बाई

आज सोमवार आहे. टर्की अजून फ्रीजरमध्ये असेल तर वाद थांबवा आणि ती खाली फ्रीजमध्ये काढा. दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो सुटायला. पावोचोन करायचं असेल तर तुम्हाला उशीर झालाय.