मदत हवी आहे: सिद्धेश्वर तलावाचा सलग पॅनोरमा, फिल्म कॅमेऱ्यावर

धागाकर्ता
नमस्कार मंडळी,

आमच्या घरात बाहेरच्या खोलीत एक हातभर लांब फोटो आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चाळीसेक वर्षांपूर्वी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या तटावर उभं राहून आग्फा क्लिक थ्रीने चार फोटो काढले, कापून शेजारी शेजारी लावले आणि पुठ्ठ्यावर खळीने चिकटवले. अण्णा गिरणीत सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात होते, खळीला घरात तोटा नव्हता. डावीकडे तटाच्या चर्या (माथ्यावरचे दगडी दाते), मध्ये तलाव आणि सिद्धरामेश्वरांचं देऊळ, उजवीकडे झाडं. आता त्या खळीवर कसर लागलीय, सांधे कुरतडले गेलेत. निगेटिव्हचा पत्ता नाही.

तोच फोटो त्याच जागेवरून, रोलवरच, पुन्हा काढायचाय. (मोबाईलवर दोन सेकंदांत होतं हे माहीत आहे, तो सल्ला नको. मोबाईलचा दाखवला तर अण्णा म्हणाले, "हे एसटीच्या खिडकीतून बघितल्यागत दिसलालंय.")

माझ्याकडे यशिका एफएक्स-३ आहे, ५० मिमी लेन्ससकट. गेल्या महिन्यात अण्णांसारख्याच चार फ्रेम घेतल्या, आडव्या, हातात धरून. आकाश निळं यावं म्हणून लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावला होता. प्रत्येक फ्रेमला मीटरचा हिरवा दिवा लागेपर्यंत अपर्चर फिरवलं. सोलापुरात मला रोल धुणारं कोणी सापडलं नाही, म्हणून कुरिअरने बाहेर पाठवला. रोल, धुणं, स्कॅन, येणं-जाणं धरून दीड हजार गेले. आणि आलं काय, तर चार वेगवेगळ्या दिवशी काढल्यासारखे चार फोटो. एक पिवळट, एक फिकट, तिसऱ्यात आकाश मधेच गडद. जवळच्या चर्या तर सांध्यावर जुळतच नाहीत, एक अख्खी दोनदा दिसते आणि पुढची गायब.

चुकलं कुठे? आणि मामाच्या जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावर पॅनोरमा असं लिहिलेलं एक बटण आहे, त्याने काम होईल का?

निगेटिव्हवाला
बटणाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे: नाही. नव्वदीतल्या त्या कॅमेऱ्यांमध्ये बटण सरकवलं की फिल्मच्या वर आणि खाली काळी पट्टी येते. २४×३६ ऐवजी १३×३६ मिमी उरतं. लेन्स तीच, दिसतं तेवढंच. डोक्यावरून आणि पायाखालून कापलेला साधा फोटो तो.

तुमच्या बाकीच्या चुका बहुतेक सगळ्यांच्या पहिल्या रोलवर होतात. मीटर दर फ्रेमला बघायचाच नाही. देवळाकडे तोंड करून एकदा बघा, समजा २०० च्या फिल्मवर शटर २५० आणि अपर्चर एफ ११ आलं, की शेवटच्या फ्रेमपर्यंत हात लावू नका. पाणी चमकलं तरी नाही. पोलरायझर काढाच. सूर्यापासून काटकोनात असलेलं आकाश तो सगळ्यात जास्त गडद करतो, इतर ठिकाणी कमी. एका फ्रेममध्ये ते खपून जातं, तुमच्या या दीडशे अंशांच्या दृश्यात काळा डाग पडतो.

रंगाचा दोष मात्र तुमचा नाही. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपल्या मनाने सुधारतो. "सगळ्या फ्रेम एकाच सेटिंगवर" असं पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून पाठवा.

तटबंदी
आणि चार फ्रेम कमी पडल्या ओ. ५० मिमी आडवा धरला तर साधारण ४० अंश दिसतं. दीडशे अंश चारांत बसवायचे तर फ्रेमवर फ्रेम जेमतेम दोन-तीन अंश चढते. कॅमेरा उभा धरा. मग रुंदीला २७ अंश मिळतात, तीस टक्के एकमेकांवर चढवा, म्हणजे दर वेळी १९ अंश वळा. आठ फ्रेममध्ये काम होतंय, एक जास्तीची घ्या. २८ ची लेन्स कुणी देऊ केली तरी लावू नका, देऊळ मुंगीएवढं होईल.

हौशीराम
एवढा उपद्व्याप कशाला? होरायझन २०२ कॅमेरा मिळतो का बघा. लेन्स स्वतःच फिरते, १२० अंश एका दणक्यात, २४×५८ ची फ्रेम. एक्सपॅनचं नाव मुद्दाम घेत नाही. १९९८ चा हॅसलब्लाडचा कॅमेरा, आता त्या किमतीत दुचाकी येते आणि वर पेट्रोलही उरतं.

निगेटिव्हवाला
होरायझन मी वापरलाय. मजा येते, पण तटावरून? फिरत्या लेन्सला जवळची सरळ रेघ सोसत नाही, तटाची भिंत केळ्यासारखी वाकेल. कॅमेरा जरा कलला की क्षितिजाचीही तीच गत. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर मात्र धमाल कॅमेरा आहे तो. लेन्स फिरते त्याच दिशेने चालणारा माणूस फोटोत लांबट होतो, उलट चालणारा चेपतो. जुन्या सर्किट कॅमेऱ्यात तर अख्खा कॅमेराच फिरायचा. शाळेच्या ग्रुप फोटोत एखादं बेरकी पोरगं डाव्या टोकाला उभं राहून मागून पळत उजव्या टोकाला जायचं आणि दोन्हीकडे दिसायचं.

धागाकर्ता
मनापासून आभार. अण्णांचा क्लिक थ्री अजून कपाटात आहे. त्यात ३५ मिमीचा अरुंद रोल घालून कडेच्या भोकांसकट लांब फोटो काढतात असं ऐकलंय. ते जमेल?

तटबंदी
जमतंय की. मागची लाल खिडकी काळ्या टेपने बुजवा, ३५ च्या रोलला मागे आकड्यांचा कागद नसतो, उजेड आत शिरेल. आकडे दिसणार नाहीत, किल्ली किती फिरवायची ते अंदाजाने. काढायचा अंधारात. पण फोटो लांबट होईल, रुंद नाही. लेन्स बघते तेवढंच बघणार, वर-खाली कमी होईल एवढंच. त्या मामाच्या बटणाचा थोरला भाऊ समजा.

गवंडीकाम
चर्यांबद्दल कुणीच बोललं नाही. तुम्ही उभे राहून कंबरेत वळलात ना? मग लेन्स तुमच्याभोवती फूटभराच्या वर्तुळात फिरली. लांबचं देऊळ त्याने हलत नाही, हाताच्या अंतरावरची चर्या हलते. एक डोळा मिटून बोट धरा आणि मान वळवा, कळेल. कॅमेरा लेन्सभोवती फिरला पाहिजे, तुमच्याभोवती नाही.

ट्रायपॉड असता तर प्रश्न नव्हता, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत त्याला आधी परवानगी काढावी लागते. म्हणून ओळंबा घ्या, गवंड्याचा असतो तो. दोरी लेन्सच्या रिंगला बांधा, वजन जमिनीला टेकायच्या बेतात ठेवा, खाली खडूने फुली मारा. दर फ्रेमला वजन फुलीवर आणि तुम्ही फुलीभोवती पाय टाकत फिरायचं. पहिल्यांदा वेड्यासारखं वाटतं. फ्रेम जुळवायला ह्युगिन नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे.

जाता जाता: अण्णांच्या फोटोत चर्या जुळल्यात का? साध्या बॉक्स कॅमेऱ्यावर, ओळंब्याशिवाय?

धागाकर्ता
तुमचा प्रश्न वाचून फोटो भिंतीवरून उतरवला आणि भिंग घेऊन बसलो. इतकी वर्षं समोर होता, कधी नीट बघितला नव्हता.

एकही सांधा सरळ नाही! पहिला चर्येच्या सावलीतून उतरतो, काळ्यावर काळं, दिसतच नाही. दुसरा पाण्यावर नागमोडी, लाटांच्या रेषांतून. तिसरा झाडाच्या खोडाच्या कडेने वर जाऊन पानांत शिरतो. आणि डावीकडे एक चर्या चक्क कमी आहे. जुळत नव्हती म्हणून कापून टाकलीय. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "मग काय करतो? दाढीच्या ब्लेडनं कापलं. चर्या कोण मोजलालंय?"

हौशीराम
अण्णांना इथे सदस्य करून घ्या, आम्ही सगळे रजा घेतो.

धागाकर्ता
अपडेट. काल सकाळी तटावर गेलो. पोलरायझर घरी, २५० आणि एफ ११ एकदा लावून अपर्चरच्या रिंगवर टेप. उभ्या नऊ फ्रेम झाल्या. ओळंबा शेजारच्या बांधकामावरून मागून आणला. पाचव्या फ्रेमला रखवालदार आला, खडूची फुली बघितली, लोंबणारं वजन बघितलं आणि म्हणाला, "भिंत वाकडी झालीय काय ओ? कुठल्या खात्यातनं आलाव?" फोटो काढतोय म्हटलं तर विश्वास बसेना. शेवटी त्यालाच फुलीवर लक्ष ठेवायला बसवलं, बाकीच्या चार फ्रेम त्याच्या देखरेखीखाली झाल्या.

रोल गेलाय, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून. ह्युगिनमध्ये जुळवून बघेनच, पण वेगळे नऊ प्रिंटही मागवलेत. अण्णांनी ब्लेड काढून ठेवलंय.

एकच विचारायचं राहिलं. चिकटवायचं कशाने? अण्णा खळीवर अडून बसलेत.

निगेटिव्हवाला
आताचा लॅबचा कागद प्लास्टिकचं अस्तर असलेला असतो, खळ धरणार नाही. आम्लरहित दुतर्फी टेप घ्या. आणि अण्णांना खळ करू द्या, पुठ्ठ्याच्या मागचा कागद तिने चिकटवा. मोरचूद मात्र घालायला सांगा, कसर लागणार नाही.