फिशर एम्स : सैनिकांवर अन्याय की दिलेल्या शब्दाची राखण?

तळटीप : फिशर एम्स (१७५८–१८०८) हा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डेडहॅमचा वकील. बाराव्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला. पुढे पहिल्याच निवडणुकीत सॅम्युएल अ‍ॅडम्ससारख्या मुरलेल्या क्रांतिकारकाला हरवून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोचला. हुशारीबद्दल वाद नाही. पण फेब्रुवारी १७९०मध्ये त्याने घेतलेली बाजू मला पटत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात सैनिकांच्या हातात रोख पगाराऐवजी कर्जरोखे पडले होते. घरची चूल पेटावी म्हणून कित्येकांनी ते सटोडियांना मातीमोल विकले. अर्थमंत्री हॅमिल्टनने हे रोखे पूर्ण किमतीला मान्य करायचा बेत मांडला, तेव्हा काँग्रेसचा सदस्य मॅडिसन म्हणाला : आजच्या धारकाला बाजारातला चढा भाव द्या, उरलेलं मूळ सैनिकाला. एम्सने विरोध केला आणि सूचना ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली. रक्त कोणाचं सांडलं आणि फायदा कोणाला झाला?

रानवारा : दुखणं खरं, औषध चुकीचं. ज्याने रोखा विकत घेतला, हक्क त्याचा. सौदे झाल्यावर सरकारच हिशेब बदलायला लागलं तर पुढच्या वेळी त्याच्या कागदावर पैसे कोण लावेल? शिवाय धनकोंमध्ये भेद करू नये, हे १७८३ साली मॅडिसननेच लिहिलं होतं.

तळटीप : तेव्हा रोखे इतके हातोहात गेले नव्हते. परिस्थिती बदलल्यावर मत बदललं, यात गैर काय?

रानवारा : ठीक, मॅडिसनला सोडू. एम्सचं १७९६चं भाषण वाचा. जॉन जे याने ब्रिटनशी केलेला ‘जे करार’ अमलात आणायला लागणारे पैसे मंजूर करायला काँग्रेसचं प्रतिनिधीगृह तयार नव्हतं. हा माणूस आजाराने पार खंगलेला. २८ एप्रिलला उभा राहिला आणि म्हणाला, माझा जीव तुटत आलेल्या धाग्यावर आहे, तरी करार मोडलात तर मीसुद्धा कदाचित या देशाच्या राज्यघटनेपेक्षा जास्त जगेन. दोन दिवसांनी ५१ विरुद्ध ४८ने पैसे मंजूर झाले. कराराप्रमाणे सरहद्दीवरचे किल्ले ब्रिटिशांनी त्याच वर्षी सोडले.

उंबरठा : भाषण थोरच. पण त्याला सामान्य माणसाच्या राज्याची भीती वाटायची, हेही सांगा. त्याचा सख्खा भाऊ, डेडहॅममधलाच डॉक्टर नॅथॅनिएल, राजकारणात कायम त्याच्या विरोधात होता.

तळटीप : माझा सल तोच. ब्रिटनला दिलेल्या शब्दासाठी मरणाच्या दारातून उठला. मग सैनिकाला दिलेला शब्द?

रानवारा : तो पगार थकला तेव्हाच मोडला होता, एम्स काँग्रेसमध्ये येण्याच्या कितीतरी आधी.