मदत हवी आहे: लोकल चॅनलवर पुराचे व्हिडिओ लावण्याआधी कसे तपासता?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात एका लोकल केबल चॅनलला आठ महिने झाले बुलेटिन प्रोड्यूसर आहे. रनडाऊन म्हणजे बातम्यांचा क्रम लावायचा, स्क्रिप्ट बघायची, खालची पट्टी टाकायची आणि बुलेटिन चालू असताना पीसीआरमधून (कंट्रोल रूममधून) अँकरच्या कानात बोलायचं, हे सगळं एकटीवरच.

पावसाळ्यात इथं सगळ्यांचं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर, पाणी ३९ फुटाला गेलं की इशारा आणि ४३ ला धोका हे शाळेतली पोरंपण सांगतील. परवा बुलेटिनला दोन मिनिटं राहिली असताना व्हॉट्सअॅपवर बुडालेल्या रस्त्याचा व्हिडिओ आला, घाईत लावला आणि तो २०१९ च्या महापुरातला निघाला. लगेच एका आजींचा फोन, "बाळ, आमच्या गल्लीत पाणी आलं काय गं?" घरात एकट्याच होत्या त्या. दुरुस्ती आम्ही त्याच बुलेटिनमध्ये दाखवली पण तो आवाज कानातून जात नाही.

तर ज्यांनी डेस्कवर काम केलंय त्यांनी प्लीज सांगा, फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत कसा तपासता? मी आता पाठवणाऱ्याला फोन करून जागा आणि वेळ विचारते, दुकानांच्या पाट्या बघते, पण फोन लागलाच नाही तर? आणि संपादक "लाव, बाकीच्यांनी लावलाय" म्हणाले तर नवीन माणसानं नाही कसं म्हणायचं? हे जास्त अवघड वाटतंय मला.